शंभरातून सात

शंभरातून सात गेले, त्र्याण्णव.
त्र्याण्णवातून सात, शहाऐंशी.
पुढे?

हेन्रीका पेन खाली ठेवते. घाई नाही, आउली.
शेजारच्या घरातून दहा उसने मागायचे,
हे मला अजून येतं.
पण ते आणेपर्यंत
कुणासाठी आणायला गेले होते
तेच जातं.

सव्वीस वर्षं केमीत टपाल वाटलं मी.
सहाशे बारा दारं तोंडपाठ:
कुठली फट पायाशी, कुठल्या कुत्र्याला आधी हाक मारायची,
कुणाचं पाकीट बायकोच्या हाती द्यायचं नाही.
मग फेब्रुवारीतली एक पायरी,
बर्फावर पाणी, पाण्यावर माझा बूट.
आवाज मी ऐकला नाही.
लेहतोनेनांची सून सांगते, रिकामा डबा पडावा तसा आला.
रिकामा, असंच म्हणाली ती.

डोक्याचे फोटो स्वच्छ निघाले.
डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
राखाडी अक्रोड.
काही दिसत नाही, म्हणाले, आणि हे चांगलंच आहे.
सौनातल्या बायकाही म्हणतात, रंग कसा छान परतलाय!
मी मान डोलावते. डोलावली की दुखते.

दुधाच्या फळीपुढे रडले मी एकदा.
निळं दूध, फिकट निळं दूध, ओटचं,
पोट बिघडणाऱ्यांसाठी वेगळं.
एक उचल ना, रेइयो म्हणाला, हळूच,
परक्या देशातल्या माणसाशी बोलावं तसं.
मी पिशवी फेकली. पिशवीत अंडी होती.
मी अशी नव्हते, हे मीच म्हणते आता सारखं.
ते ऐकू येऊ नये म्हणून तो रेडिओ लावतो,
मला रेडिओ बोचतो, म्हणून बंद करतो,
आणि मग घरात आम्ही दोघं, आणि फ्रिज.

याला दुःख म्हणू नका.
आई गेली तेव्हा दुःख होतं, त्याला पत्ता होता.
हे मागे कुणाकडे धाडायचं?

नोव्हेंबरात दुपारी दोनला अंधार पडतो.
मी तीनला झोपते, बुटांसकट.
एकदा नदीचा बर्फ कुठे पातळ होतो
ते पाहायला गेले होते.
चालायला गेले होते, असं सांगितलं घरी.
रेइयोने बूट उचलले, ओले तळवे पाहिले,
स्टोव्हपाशी वाळत ठेवले.
त्या आठवड्यात तो कामावर गेला नाही.
पाठ धरली आहे, म्हणाला. लाकडं मात्र फोडत होता.

एप्रिलमध्ये जुन्या वाटेने निघाले, झोळीशिवाय.
माझी सायकल आता एक पोरगा चालवतो, घंटी फार वाजवतो.
पिवळ्या घराचं नाव आठवेना.
फाटकाची कडी मात्र हाताने
आधी वर उचलली, मग आत ढकलली,
तिथे ती तशीच उघडते.
कुत्रं भुंकलं नाही. हात चाटून गेलं.
मी अंगणात उभी राहिले बराच वेळ.
द्यायला काही नव्हतं.
म्हातारा खिडकीत आला, कप दाखवला, कॉफी?
आणि मी पळाले. का, ते माहीत नाही.
फाटक उघडंच राहिलं असणार.
सव्वीस वर्षांत एकदाही नाही.

काल रात्री बटाटे सोलताना, मध्येच,
कुणी विचारलेलं नसताना,
एकोणऐंशी.

मोठ्यांदा म्हणाले.
रेइयो दारातून म्हणाला, काय?
काही नाही, म्हटलं.
बोटांवर पडताळून पाहिलं नाही.
सालं कागदात गुंडाळली, दिवा तसाच ठेवला.
त्यातून सात
उद्या.